येऊ का बाहेर?

फोरमनला गरम पाण्याच्या त्या गावी यायचंच नव्हतं. पण दोन्ही गुडघे कामातून गेलेले, डॉक्टरने दोनदा सांगून झालेलं, त्यात लेकीने परस्पर खोली ठरवून टाकली. मग नाही म्हणायची सोयच उरली नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वसाहतीत त्याला सगळे अजून फोरमनच म्हणत. त्याची बायको मुलींच्या शाळेत शिकवायची, म्हणून ती बाई. शेजारपाजारचे म्हणायचे बाई, इस्त्रीवाला म्हणायचा बाई, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात फोरमनही तिला बाईच म्हणायचा.

सकाळी आठला दोघं हॉटेलमधून बाहेर पडली. बाईच्या हातात गावाचा नकाशा होता आणि त्यावर तिने लाल पेनाने आकडे टाकले होते. आधी चिखलाची कुंडं, मग उकळत्या पाण्याचा फवारा, दुपारी स्नानगृह, आणि शेवटी गावाच्या खालच्या टोकाचं मोठं विवर.

"हजेरी घेणार आहेस की काय?" फोरमन म्हणाला.

"घेणारच. तुम्ही मधूनच पळून जाल, माहितीये मला."

गाव मोठं विचित्र होतं. गटारांच्या झाकणांतून वाफ निघत होती आणि त्या झाकणांवर मांजरं निवांत झोपली होती. भिंतींना हात लावला तर त्या कोमट लागत, ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळासारख्या. घराघरांच्या कडेने चिंध्या गुंडाळलेले पाइप गेले होते आणि सांध्यासांध्यातून फुसफुस चालली होती. सगळीकडे काडेपेटीच्या जळक्या काडीचा वास. एका सांध्यापाशी फोरमन सवयीने थांबला, वाकला आणि म्हणाला, "पॅकिंग गेलंय." पण लगेच झटका बसल्यासारखा मागे सरला. वाफेचं आणि त्याचं जमायचं नाही. घरात कुकरची शिट्टी झाली की तो उठून अंगणात जायचा. बाईला वाटायचं, तीस वर्षं बॉयलरपाशी काढली, कंटाळला असेल बिचारा.

चिखलाच्या कुंडांभोवती फळ्यांची अरुंद वाट होती. दोन्ही बाजूंना ओले कठडे. खाली राखाडी चिखल दाट खळीसारखा उकळत होता; एखादा बुडबुडा फुगायचा, फुगायचा आणि फट् करून फुटायचा. बाई प्रत्येक फलक वाचल्याशिवाय पुढे सरकायची नाही. फोरमन गुडघे सांभाळत पुढे निघाला. मध्येच वाफेचा लोट आला आणि ती दिसेनाशी झाली. नुसता तिचा आवाज येत राहिला. कोणाशी तरी बोलत होती. हसलीही.

लोट सरला तेव्हा ती एकटीच येत होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"अहो, तुमच्या ओळखीचे निघाले कोणीतरी. मला वहिनी म्हणाले. तुमचे गुडघे कसे आहेत, विचारत होते."

"माझ्या ओळखीचे? इथे?"

"कारखान्यातले असतील. येतायत मागून."

फोरमन कठड्याला टेकून थांबला. वाट एकेरी होती. त्या टोकाने आत शिरायचं, या टोकाने बाहेर पडायचं. तीन कॉलेजकन्यका आल्या. कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक टकलू आला. त्याच्यामागे कोणी आलं नाही.

"गेले असतील परत," बाई म्हणाली. फोरमननेही फार मनावर घेतलं नाही. तीनशे माणसांचा कारखाना. निवृत्त झालेले सांधे धरून बसलेले सगळे इथेच येणार, दुसरं काय.

फवाऱ्यासमोर दगडी बाकं अर्धगोलात मांडली होती. फवारा उडायला अजून अवकाश होता, म्हणून बाईला बाकावर बसवून फोरमन चहाच्या रांगेत उभा राहिला. रांगेतून त्याला ती नीट दिसत होती. उजवीकडे वळून बोलत होती. मान हलवत होती. मध्येच तिने पर्स मांडीवर घेऊन शेजारच्याला ऐसपैस जागाही करून दिली.

शेजारी कोणी नव्हतं.

फोरमनने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाकाचा तो भाग मोकळा होता, पलीकडचं कुंपण दिसत होतं. इतक्यात लोक ओरडले, पांढरा खांब उसळून आभाळात गेला आणि बारीक तुषारांचा पडदा सगळ्या बाकांवर उतरला. तो दोन कप सांभाळत पोचेपर्यंत फवारा ओसरलाही होता.

"तिसरा नाही आणलात?" एक कप घेत बाई म्हणाली. "आत्ता इथेच होते ते. इतका भला माणूस! पण अंगात काही नाही हो, अगदी काटकुळे. खांद्यावर ओलं गोणपाट घेऊन बसले होते. मी म्हटलं, अहो, काढून ठेवा ते, गारठाल. तर म्हणाले, काम संपलं नाही अजून."

फोरमन बाकाकडे पाहत होता. बाक ओलं होतं, पण तसं सगळंच ओलं होतं. बसायच्या जागेवर क्षाराचे पांढरे पापुद्रे पडले होते. त्याने एक उचलून चिमटीत चुरडला. असे पापुद्रे आयुष्यभर पाहिले होते त्याने... बॉयलरच्या आतून खरवडून काढलेले. पण इथल्या दगडादगडावर असले थर होते. त्याने चिमूट झटकून टाकली.

"नाव विचारलंस का?"

"विचारलं की. हसले. पुढचा एक दात नाही त्यांना, बोलताना शीळ वाजल्यासारखी होते. म्हणाले, नावाने साहेबांना नाही कळायचं. मुंगी म्हणून सांगा."

गरम चहा फोरमनच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्याला तो लागला नाही.

मुंगी. कारखान्यात फक्त एकाला मुंगी म्हणत. बॉयलरच्या पोटात उतरायचं भोक जेमतेम हातभर रुंद. धडधाकट माणूस त्यात अडकायचा. तो हाडकुळा फिटर मात्र हात वर करून सुळकन आत जायचा, म्हणून मुंगी. खांद्यावर ओलं गोणपाट, हातात छोटी हातोडी. आत बसून क्षार ठोकायचा आणि मधूनमधून विचारायचा, "साहेब, येऊ का बाहेर?" फोरमनने "ये रे मुंगी" अशी हाक मारल्याशिवाय त्याने बाहेर यायचं नाही, आणि तो बाहेर आल्याशिवाय कोणी वाफ सोडायच्या चाकाला हात लावायचा नाही. नियमच होता तसा. बाईने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो कामाला लागला तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. ती परत यायच्या आधीच तो गेलेला होता.

त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.

"चल, खोलीवर जाऊ," फोरमन म्हणाला. "ऊन लागलंय मला."

"ऊन आहे कुठे? आणि अंघोळीसाठी तर आलोय ना आपण?" तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बसा जरा, घाम आलाय तुम्हाला."

मग त्याच्या मनात आलं, स्नानगृहात बायकांची बाजू वेगळी असते. तिथे कोणी पुरुष जाऊन हिच्याशी बोलू शकणार नाही. निदान तासभर तरी. तो म्हणाला, "बरं. चल."

स्नानगृहाच्या दारात एक म्हातारा राखणदार टॉवेल देत बसला होता. फोरमनपुढे त्याने दोन टॉवेल ठेवले.

"एकच द्या."

"आणि सोबतचे?"

"मी एकटाच आहे."

म्हाताऱ्याने फोरमनच्या खांद्यावरून मागे पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिला. मग त्याने दुसरा टॉवेल परत थप्पीवर ठेवला आणि डोळे खाली वळवले.

आत दगडी हौद होता, छतापाशी बोटभर उजेड. फोरमन गळ्यापर्यंत पाण्यात उतरला. कोणी नव्हतं. पाणी हळूहळू अंगात मुरायला लागलं, गुडघे सैल पडले, आणि त्याने डोळे मिटले.

ठक ठक... ठण्ण.

भिंतीत पाइप असतात. तापतात, निवतात, वाजतात. हे फोरमनला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याने डोळे उघडले नाहीत.

ठक ठक... ठण्ण. मग थोडा थांबा, आणि खरखर. ब्रश फिरवल्यासारखी.

दोन हलके, एक जड, मग ब्रश. प्रत्येक फिटरचा हात वेगळा असतो आणि फोरमन बाहेर उभा राहून आवाजावरून सांगायचा, आत कोण आहे ते. त्याने पाण्यातच पाय पोटाशी घेतले. ठोकणं थांबलं. हौदाच्या कडेला, पाणी जायच्या जाळीखालून, खूप खोलातून, दात नसलेल्या तोंडाचा शिळेसारखा आवाज आला...

"साहेब... येऊ का बाहेर?"

सदऱ्याची बटणं वरखाली लावून तो बाहेर आला तेव्हा बाई अंगणातल्या झाडाखाली ओले केस सोडून बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचं सकाळचं हसू मावळलं होतं.

"अहो," ती हळू म्हणाली, "तुमचे ते... दारापाशी उभे होते. मला जरा भीतीच वाटली. इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या हातांची कातडी... मला म्हणाले, वहिनी, साहेबांना एवढंच विचारा..."

"येऊ का बाहेर," फोरमन म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

तो तिच्या शेजारी बसला. सव्वीस वर्षं जे दातांखाली धरून ठेवलं होतं ते त्याने तिथे, ओल्या बाकावर, सरळ सांगून टाकलं. दोन बॉयलर होते, एकमेकांना जोडलेले. एक चालू, एक सफाईसाठी बंद. मुंगी बंद बॉयलरच्या आत होता. मॅनेजरचा फोनवर फोन येत होता, वाफ कमी पडतेय, दुसरा कधी लावताय. फोरमनने पाहिलं, भोकापाशी रोज लटकणारा मुंगीचा सदरा नव्हता. त्याला वाटलं, गेला वाटतं जेवायला.

"हाक नाही मारली मी. एक हाक, गं. श्वासभराचं काम. चाक फिरवलं आणि मग आतून... सदरा अंगातच होता त्याच्या. त्या दिवशी थंडी होती."

बाईने ओले केस मागे सारले.

"चौकशी झाली. आत उतरायची परवानगीची चिठ्ठी माझ्याच सहीची होती. ती मी भट्टीत टाकली. सांगितलं, न विचारता उतरला. सगळं त्याच्यावर गेलं. त्याची बायको फाटकाशी आली होती. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, त्यांना हाक मारली होती का हो? मी म्हटलं, मारली होती. त्याने ऐकली नाही."

बाई उठली. चार पावलं जाऊन पाठमोरी उभी राहिली. बराच वेळ तिने नकाशाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज वर्गात असायचा तसाच होता.

"आपली पोर तेव्हा पंधरा दिवसांची होती. तुम्ही मला पत्रात लिहिलं होतंत, इकडे सगळं ठीक आहे. आज माझं तुमच्याशी बोलणं उरलेलं नाही. पण त्या माणसाला उत्तर द्यायला हवं. उठा."

"कुठे?"

"तो आत आहे ना? मग वाफ जिथून वर येते तिथे, जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊ."

विवर गावाच्या खालच्या टोकाला होतं. कठड्याच्या पलीकडे जमिनीला फाटलेला जबडा, आणि त्यातून वाफ अशा गर्जनेने बाहेर पडत होती की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. कठड्याशी पिवळ्या रेनकोटातला पहारेकरी होता. त्याने पाच बोटं दाखवली, पाचला बंद. दुसरं कोणी नव्हतं.

फोरमनने कठडा धरला. तोंड उघडलं, पण घशातून नुसती फुंकर निघाली.

"अशी नाही!" बाई त्याच्या कानाशी ओरडली. "कारखान्यात मारायचात तशी!"

त्याने छाती भरून घेतली.

"मुंगी! ये रे मुंगी! बाहेर ये! मी हाक मारली नव्हती रे... तू ऐकली नाहीस असं नाही, मीच मारली नव्हती! आता मारतोय! ये बाहेर!"

आणि विवर गप्प झालं.

एकदम. चाक फिरवून बंद करावं तसं. कठड्यावरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येऊ लागला. पहारेकरी सावकाश वळला. त्याच्या तोंडाचा आ झाला होता. "असं कधी..." एवढंच तो पुटपुटला. त्या भाजणाऱ्या हवेत फोरमनच्या दंडाला काहीतरी गार, ओलं आणि खरबरीत घासून गेलं. रॉकेल आणि गंज यांचा वास आला, तो फार ओळखीचा वास, आणि त्याच्यामागे कठड्यालगतच्या फळ्यांवर हलकी पावलं वाजत गेली. फोरमनची मान वळली नाही. वळवायची त्याची हिंमत झाली नाही.

मग विवर पुन्हा गर्जायला लागलं.

रात्रीचा मुक्काम त्यांनी केलाच नाही. सहाच्या बसला खिडकीजवळ बाई, शेजारी फोरमन. गावाची वाफ मागे पडत गेली. फोरमनला इतकं हलकं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटत होती.

"उद्या जातो मी," तो म्हणाला. "तिच्याकडे. कुठे राहते ते माहीत आहे मला. सगळं सांगतो. पुढे ती म्हणेल ते."

"मी येते," बाई बाहेर बघत म्हणाली.

दोन वळणं गेली. तिने खिडकीची काच ओढून लावली.

"एक सांगायचं राहिलंय. तुम्ही हाक मारलीत तेव्हा तो आला. माझ्या शेजारी थांबला. म्हणाला, वहिनी, माझं झालं. आता साहेबांना सांगा, त्यालाही हाक मारा."

"कोणाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला... आत दुसरा आहे. मी उतरलो त्याच्याही आधीपासून."

फोरमन हसायला गेला, पण जमलं नाही. "कसं शक्य आहे? आत तो एकटाच होता. त्याला बाहेर काढला तेव्हा मी स्वतः बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा पाहिलाय. एकच होता."

बोलता बोलता तो थांबला. तो बॉयलर नवा नव्हता. त्याच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून जुना म्हणून आणलेला. कोणता कारखाना, ते कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगावर पितळी पाटी होती आणि पाटीवरचं नाव कोणीतरी नीट घासून काढलं होतं. फोरमनने तेव्हा विचारलंही होतं. मॅनेजर म्हणाला होता, तुम्हाला वाफेशी मतलब.

त्याने कारखान्याच्या स्टोअरवाल्याला फोन लावला. दोघं जुने दोस्त.

"आपला तो जुना आणलेला बॉयलर... कुठे आहे तो आता?"

"तो? विकला की गेल्या साली," स्टोअरवाला खुशीत होता. "दलालामार्फत गेला. कुठे ते विचारू नका, मलाही नाही माहीत. पण चालू होता हां, लावला असेल कोणीतरी. का हो, आठवण आली?"

"त्याची पाटी..."

"पाटीची तर गंमतच. ट्रेलरवर चढवायच्या आधी दलालाचा माणूस कानस घेऊन बसला आणि आपण त्यावर कोरून घेतलेलं कारखान्याचं नाव घासून काढलं त्याने. चांगला तासभर घासत होता. मी म्हटलं, कशाला रे बाबा? तर म्हणाला, या बॉयलरचं प्रत्येक वेळी असंच करतात."